पन्नाशीत बदललेला माणूस

हॉलिवूडमधल्या सुमार कामाची थट्टा करणाऱ्या ‘गोल्डन रास्पबेरी’ पुरस्कारांत २०२२ साली एक खास गट काढला गेला: २०२१च्या चित्रपटांमधलं ब्रूस विलिसचं सर्वांत वाईट काम. ‘डाय हार्ड’च्या या नायकाचे त्या वर्षातले आठ चित्रपट स्पर्धेत होते. २६ मार्चला ‘विजेता’ चित्रपट जाहीर झाला आणि ३० मार्चला विलिसच्या कुटुंबाने सांगितलं, की त्याला वाचाघात झाला आहे, तो अभिनय थांबवतो आहे. आयोजकांनी लगेच पुरस्कार मागे घेतला. नेमकं निदान फेब्रुवारी २०२३मध्ये कळलं: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे एफटीडी. त्याची पत्नी एमा हिने पुढे मुलाखतींत सांगितलं, की आधी तो अबोल, दुरावलेला वाटू लागला तेव्हा तिला आपल्या संसारातच काही बिनसलंय असं वाटलं होतं. बोलताना तो अडखळू लागला, तर लहानपणचं तोतरेपण परतलं असा घरच्यांचा समज झाला.

कॅमेऱ्यासमोर वावरणाऱ्या माणसाचा आजार इतका काळ झाकला जातो, तर तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बँक अधिकाऱ्याचा किती काळ झाकला जात असेल, हा विचार मला सोडत नाही.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्याला सत्तरीतले, चष्मा कुठे ठेवला ते विसरणारे आजोबा आठवतात. एफटीडी बहुतेकदा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बऱ्यापैकी शाबूत असते. झिजतो तो मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग. कुठे काय बोलावं, समोरच्याला काय वाटेल, हातातला पैसा कुठे थांबवावा, हे सांभाळणारी जागा कपाळामागे असते. शब्दांचे अर्थ कानशिलांजवळ. टाऊ किंवा टीडीपी-४३ यांसारखी प्रथिनं पेशींमध्ये चुकीच्या रूपात साठत जातात आणि त्या पेशी मरतात. प्रागमधले डॉक्टर आर्नोल्ड पिक यांनी असा रुग्ण १८९२मध्येच नोंदवला होता.

घरात हे कसं दिसतं? मोजून मापून बोलणारा माणूस कुणाच्या तेराव्याला मोठ्याने हसतो. बायको तापाने फणफणलेली असताना ‘जेवायला काय आहे?’ एवढंच विचारतो. कधी गोड न खाणारा पेढ्यांचा डबा एका बैठकीत संपवतो. अनोळखी माणसाला फोनवरून हजारो रुपये पाठवतो, आणि का पाठवले असं विचारलं तर त्याला त्यात काही वावगं दिसत नाही. काहींची सुरुवात भाषेपासून होते. जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला ‘पळी दे’ म्हटलं, तर ती विचारते, ‘पळी म्हणजे काय?’

आपल्याला काही झालंय हे बऱ्याच रुग्णांना जाणवतच नाही, आणि माझ्या मते या आजाराची सर्वांत क्रूर बाजू हीच आहे. तो माफी मागत नाही, कारण चुकल्याचं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. घरचे मात्र त्याला निर्लज्ज, दगडाच्या काळजाचा ठरवतात. कुणी बाहेरची बाधा म्हणतं, कुणी बाईचं प्रकरण शोधतं, सासरचे सुनेला बोल लावतात. नोकरीत चौकशी लागते. ज्या वयात मुलांची कॉलेजं आणि घराचे हप्ते चालू असतात, त्याच वयात कमावता माणूस बदनाम होऊन घरी बसतो.

डॉक्टरकडे नेलं तरी लगेच उलगडा होतोच असं नाही. आज तारीख कोणती, पंतप्रधान कोण, शंभरातून सात गेले किती, हे तो बरोबर सांगू शकतो. मग नैराश्य किंवा बायपोलर असं निदान होतं आणि वर्षं जातात. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना सोबत रोज राहणाऱ्या माणसाने जावं. काय बदललं, केव्हापासून, याच्या प्रसंगांसह लेखी नोंदी न्याव्यात आणि डॉक्टरांशी वेगळ्या खोलीत बोलावं, कारण रुग्णासमोर अनेकींची जीभ रेटत नाही. एमआरआय आणि गरज पडल्यास पेट स्कॅन यांतून झीज दिसू शकते. घराण्यात आणखी कुणाला असं झालं होतं का, किंवा हातपाय लुळे पाडणारा मोटर न्यूरॉन आजार कुणाला होता का, हे आवर्जून सांगावं. ही दोन्ही दुखणी एकाच जनुकातल्या बिघाडातून येऊ शकतात, हे २०११मध्ये उघड झालं.

हा आजार थांबवणारं औषध आज नाही. अल्झायमरसाठी दिली जाणारी डोनेपेझिलसारखी गोळी इथे उपयोगी पडत नाही, उलट काहींचं वागणं बिघडवते. नैराश्यावरच्या काही औषधांनी उतावीळपणा आणि खाण्याची हाव कमी होऊ शकते, वाचाउपचाराने संवाद थोडा टिकतो. तरीही निदान हवंच. त्यामुळे राजीनाम्याऐवजी वैद्यकीय कारणाने निवृत्ती मागता येते, खात्यांवर वेळेत मर्यादा घालता येतात, रुग्णाला समज आहे तोवर मृत्युपत्र करता येतं. आणि बायकोला कळतं, की तो हे मुद्दाम करत नव्हता.

‘एआरडीएसआय’ ही संस्था १९९२पासून देशभरात डिमेन्शियाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करते. परदेशात अनेक कुटुंबं खिशात एक छोटं कार्ड ठेवतात: ‘माझ्या पतीला मेंदूचा आजार आहे, कृपया समजून घ्या.’ दुकानात, बसमध्ये भांडण पेटण्याआधी ते पुढे करतात. असं मराठीतलं कार्ड कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दहा मिनिटांत तयार होईल.