नाव गाळलं, बंदी नाही

‘१९८३ साली चर्चने फ्रीमेसनांवरची बंदी उठवली, आता कॅथलिक माणूस खुशाल त्यांच्या लॉजचा सभासद होऊ शकतो.’ वसईपासून वांद्र्यापर्यंत चांगली शिकलेली माणसं हे छातीठोकपणे सांगतात. वर चर्चच्या कायद्याचं पुस्तक पुढे करतात, ‘दाखवा बरं यात मेसन हा शब्द कुठे आहे तो!’ शब्द खरंच नाही. पण पुस्तक उघडण्याचे कष्ट घेतलेच होते, तर त्याच आठवड्यात रोमहून निघालेला एक कागदही वाचायला हवा होता.

१९१७च्या धर्मसंहितेत कलम २३३५ होतं. मेसनांच्या पंथात, किंवा चर्चविरुद्ध अथवा कायदेशीर राज्यसत्तेविरुद्ध कारस्थानं करणाऱ्या तसल्याच दुसऱ्या संघटनेत, नाव घालणारा कॅथलिक आपोआप बहिष्कृत होई. चौकशी नाही, सुनावणी नाही, आणि बहिष्कार उठवण्याचा अधिकार रोमने आपल्याकडे राखलेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारं फिरलं. आमच्याकडचे लॉजवाले दानधर्म करतात, ते चर्चविरुद्ध कसलं कारस्थान करणार, असा प्रश्न ठिकठिकाणाहून येऊ लागला. १९ जुलै १९७४ रोजी श्रद्धासिद्धांताचा कारभार पाहणाऱ्या रोमच्या मंडळाचे प्रमुख कार्डिनल फ्रान्यो शेपर यांनी फिलाडेल्फियाच्या कार्डिनल जॉन क्रोल यांना पत्र पाठवलं. शिक्षेच्या कलमाचा अर्थ ताणायचा नसतो, त्यामुळे २३३५ हे कलम खरोखर कारस्थान करणाऱ्या संघटनांच्या सभासदांपुरतंच लागू धरता येईल, असा त्याचा आशय होता. धर्मगुरू आणि व्रतस्थांना मात्र कोणत्याही परिस्थितीत बंदीच.

एवढ्यावर अनेकांनी ‘परवानगी मिळाली’ अशी दवंडी पिटली. गैरसमजाचं मूळ या पत्रात आहे. फेब्रुवारी १९८१मध्ये त्याच मंडळाला खुलासा करावा लागला, की कायदा बदललेला नाही.

मग नवी संहिता आली. तिचं कलम १३७४ सांगतं, की चर्चविरुद्ध कारस्थान करणाऱ्या संघटनेत सामील होणाऱ्याला उचित शिक्षा द्यावी, आणि तिचा प्रसार करणाऱ्याला किंवा पदाधिकाऱ्याला संस्कारबंदी. मेसनांचं नाव नाही, आपोआप होणारा बहिष्कारही नाही. ही संहिता २७ नोव्हेंबर १९८३ पासून अमलात यायची होती. आता लोक काय म्हणणार हे रोमला दिसत होतं. आदल्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, मंडळाने एक निवेदन काढलं. सही कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांची, म्हणजे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले त्यांची, आणि मान्यता पोप जॉन पॉल दुसरे यांची. मजकूर जेमतेम पानभर. नाव गाळलं ते मसुदा लिहिण्याच्या सोयीसाठी, इतरही काही संघटनांची नावं अशीच व्यापक वर्गात सामावून घेतली आहेत. मेसन संघटनांबद्दलचं चर्चचं प्रतिकूल मत जसंच्या तसं आहे. तिथे सभासद होणारे कॅथलिक गंभीर पापाच्या स्थितीत असतात आणि त्यांना ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. आणि स्थानिक धर्माधिकाऱ्यांना यात सूट देण्याचा अधिकार नाही.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं. ‘आमच्या फादरनी कधी हरकत घेतली नाही’, ‘अमुक बिशपांनी होकार दिला होता’ ही सगळी विधानं तिथेच निकालात निघतात.

इतकं असूनही ‘शिक्षा गेली म्हणजे मनाई गेली’ हा युक्तिवाद मरत नाही. भारतात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ४९७ रद्द केलं आणि व्यभिचार हा फौजदारी गुन्हा उरला नाही. म्हणून कुणी बायकोला जाऊन ‘आता मला मोकळीक आहे’ असं सांगत नाही. दंडाचं कलम आणि नीतीचा नियम या दोन गोष्टी आहेत, हे घरात बरोबर कळतं. लॉजचा विषय निघाला की मात्र हीच माणसं वकिली करू लागतात.

हे चाळीस वर्षांपूर्वीचं झालं, पोप फ्रान्सिस तर उदार होते, असंही ऐकवलं जातं. फिलिपिन्समध्ये दुमागेतेच्या बिशपांनी आपल्या भागात लॉजचे कॅथलिक सभासद वाढताहेत म्हणून रोमकडे विचारणा केली. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर आलं, त्यावर पोप फ्रान्सिस यांची मान्यता होती. १९८३चं निवेदन कायम आहे, ते धर्मगुरूंनाही लागू आहे, आणि कॅथलिक श्रद्धा व मेसनपंथ या दोन्हींचं का जमत नाही हे प्रत्येक धर्मग्रामात लोकांना नीट समजावून सांगा, अशी सूचना त्यात होती.

का जमत नाही, हेच आपल्याकडे नीट सांगितलं जात नाही, आणि भारतीय वाचकाला ते अवघडही जातं. लॉजमध्ये कोणत्याही धर्माचा माणूस चालतो. एका परमशक्तीवर श्रद्धा हवी, ती कोणत्या नावाने हे कुणी विचारत नाही. १९६१मध्ये स्थापन झालेल्या ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये बायबल, गीता, कुराण, अवेस्ता शेजारी शेजारी ठेवतात. आपल्याला यात आक्षेपार्ह काय असा प्रश्न पडतो, उलट हे तर सर्वधर्मसमभावाचं चित्र! (तिथेही सुरुवातीला भेद होताच. मुंबईतल्या लॉजनी दार उघडलं नाही म्हणून माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थाने पॅरिसमध्ये दीक्षा घेतली, आणि १८४३ साली मुंबईत भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे वेगळं लॉज निघालं.) पण चर्चचा आक्षेप नेमका तिथेच आहे. २८ एप्रिल १७३८ रोजी पोप क्लेमेंट बारावे यांनी पहिली बंदी घातली, तेव्हाच त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं होतं: वाटेल त्या धर्मपंथाचे लोक केवळ सज्जनपणाच्या आधारावर एकत्र येतात, आणि बायबलवर हात ठेवून गुप्ततेची शपथ घेतात. जर्मनीच्या बिशपांनी १९७४ ते १९८० अशी सहा वर्षं तिथल्या लॉजशी बोलणी केली, पहिल्या तीन पायऱ्यांचे विधी वाचले, आणि शेवटी हेच सांगितलं. सगळी धर्ममतं सारखीच सापेक्ष मानणारी विधिबद्ध व्यवस्था आणि देवाने स्वतःला ख्रिस्तात प्रकट केलं ही श्रद्धा, दोन्ही एकाच माणसाला मनापासून धरता येत नाहीत. मेसनांना हे मान्य नाही. आमचा धर्म नव्हेच, ही नीतीची शाळा आहे, असं ते म्हणतात. वाचकाने कुणाचीही बाजू घ्यावी, पण चर्चचा आक्षेप आहे तो असा आहे, एवढं तरी मान्य करावं.

म्हणूनच ‘हे सगळं इटलीच्या राजकारणातून आलं’ हे अर्धवट आहे. इटलीच्या एकीकरणाचे नेते गॅरिबाल्डी मेसन होते आणि १८७०मध्ये पोपांच्या हातून रोम गेलं, हे खरं. पोप लिओ तेरावे यांच्या १८८४च्या मेसनविरोधी परिपत्रकाला त्या जखमेची धार आहेच. पण पहिली बंदी रोम हातून जाण्याच्या १३२ वर्षं आधीची आहे.

मोझार्टचा दाखला हमखास येतो. तो कॅथलिक होता आणि १७८४मध्ये व्हिएन्नात मेसन झाला. पण तिथे पोपचं फर्मान राज्यकर्त्यांनी लागूच होऊ दिलं नव्हतं. अठराव्या शतकातल्या आयर्लंडमध्येही ते बराच काळ जाहीर झालं नव्हतं, तिथले कॅथलिक नेते डॅनियल ओकॉनेल पुढे लॉज सोडून मोकळे झाले.

दुसऱ्या टोकाचे गैरसमज कॅथलिकांमध्येच फिरतात. मेसन सैतानाची पूजा करतात, हा त्यातला सर्वांत हट्टी. तो बराचसा लिओ तॅक्सिल या फ्रेंच बनवेगिरी करणाऱ्याने पेरला. डायना वॉन नावाची पश्चात्तापदग्ध मेसन बाई त्याने कागदावर निर्माण केली, तिच्या नावाने सैतानी लॉजच्या कहाण्या छापल्या, आणि भले भले धर्मगुरू त्यांवर भाळले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भरसभेत बाई दिसणार म्हणून गर्दी जमली, तेव्हा त्याने सगळं थोतांड असल्याचं हसत सांगितलं. त्या कहाण्या आजही मोबाइलवर फिरतात, तॅक्सिलचं नाव तेवढं गाळून.

लॉज म्हणजे नास्तिकांचा अड्डा, हेही चूक. ईश्वरश्रद्धेची अट फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८७७मध्ये काढली आणि इंग्लंडच्या लॉजनी त्याच कारणाने त्यांच्याशी संबंध तोडले.

मेसन झालेला कॅथलिक चर्चमधून बाहेर फेकला जातो? नाही. तो मिस्सेला येऊ शकतो. लॉज सोडून पापनिवेदन केलं की वेदीकडचा रस्ता मोकळा.

फक्त कॅथलिकांनाच वावडं आहे? ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चने १९३३मध्ये, तर ब्रिटनच्या मेथडिस्टांनी १९८५मध्ये आपापले आक्षेप नोंदवले आहेत.

आणि रोटरी? रोटरी म्हणजे मेसनांचंच धाकटं भावंड, असं सांगून कॅथलिक तरुणांना तिथून परत बोलावणारेही भेटतात. १९५०-५१च्या सुमारास रोमने धर्मगुरूंना रोटरीत जायला मनाई केली होती आणि सामान्य कॅथलिकांना जपून राहायला सांगितलं होतं, तेवढाच धागा या समजुतीला आहे. जून १९७९मध्ये रोममध्येच रोटरीचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं, आणि तिथे जमलेल्या सभासदांपुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी भाषण केलं.