पुस्तक तेच, भाषा निराळी

जून महिना म्हणजे आमच्या रोह्यात पाऊस, दोरीवर न वाळणारे कपडे आणि घरोघरी पसरलेली खाकी कव्हरं. तीन वर्षांपूर्वी मीही अशीच कात्री घेऊन बसले होते. लेक दहावीत गेली होती. तिचं विज्ञानाचं पुस्तक सहज चाळायला घेतलं, तर ती म्हणाली, "मम्मी, तू फक्त कव्हर घाल ना. आतलं तुला नाही कळणार."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. एखादी साधी गोष्ट सांगावी तसं ती बोलून गेली, म्हणून तर ते जास्त लागलं. मी इथल्याच मराठी शाळेत शिकले, बारावी सायन्स केलं. पण लेक इंग्रजी माध्यमात, तीही सिस्टर चालवतात त्या शाळेत. रोज बसने जाणारी. 'कॉन्व्हेंटचा अभ्यास वेगळा, आपल्याला झेपायचा नाही,' हे मीच स्वतःला सांगितलं होतं. तिसरीपर्यंत गृहपाठ घेतला आणि मग ट्यूशन लावून मोकळी झाले. पुढे तर ती परीक्षेचे पेपरसुद्धा मला दाखवेनाशी झाली. सही मात्र बाबांची घ्यायची.

तसं पाहिलं तर डोळे उघडायची संधी आधीच आली होती. शाळेत नाव घातलं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "काय गं, तिकडे आपले शिवाजी महाराज शिकवतात का?" मला उत्तर देता आलं नव्हतं. सासूबाई पुटपुटल्या, "आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. ते कुठल्या कॉन्व्हेंटात गेले होते?" पुढे लेक चौथीत गेली आणि परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत महाराजच! ती इंग्रजीत वाचायची आणि आजीला मराठीत सांगायची. सासूबाई खूश. पण मराठी शाळेतल्या चौथीच्या मुलांच्या हातात हेच पुस्तक आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

ती लक्षात आणून दिली शेजारच्या ताईंनी. यजमानांना धाटावच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून हे कुटुंब वसईहून आलेलं. ताई कॅथलिक. घरात वसईची बोली, चर्चमध्ये मिस्साही मराठीतून. कव्हरांचा किस्सा मी त्यांना सांगितला, तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "अहो, मी फादरांच्याच शाळेत शिकले, पण सगळं मराठीतून. आमच्याकडे कॅथलिक शाळा म्हणजे इंग्रजी असं काही नसतं. नंदाखालच्या मराठी शाळेत शिकलेले आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ना!"

मला खरंच नवल वाटलं. मग त्यांनी त्याहून जुनी गोष्ट सांगितली. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट मूळचे इंग्रज. गोव्यात येऊन मराठी शिकले आणि त्यांनी मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं. ते छापलं गेलं १६१६ साली. आणि मी समजत होते, कॉन्व्हेंटचा आणि मराठीचा छत्तीसचा आकडा!

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यांच्या मुलाचं मराठी माध्यमाचं दहावीचं विज्ञान आणि माझ्या लेकीचं इंग्रजी माध्यमाचं विज्ञान शेजारी शेजारी ठेवलं. पहिला धडा इकडे गुरुत्वाकर्षण, तिकडे ग्रॅव्हिटेशन. दुसरा इकडे मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, तिकडेही तेच. आकृत्या त्याच, गणितं तीच. दोन्हींवर नाव बालभारतीचं.

मैत्रिणींनो, गोष्ट साधी आहे. शाळा चर्चची असो, नगरपालिकेची असो की एखाद्या शिक्षण संस्थेची, ती राज्य मंडळाची असेल तर अभ्यासक्रम एकच. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. बोर्ड तेच, परीक्षा तीच. मात्र काही कॅथलिक शाळा आयसीएसई किंवा सीबीएसईच्या असतात, तिथली पुस्तकं वेगळी. म्हणून नाव घालताना 'कॉन्व्हेंट आहे का?' असं न विचारता 'बोर्ड कुठलं?' हे विचारावं. कॉन्व्हेंट म्हणजे खरं तर सिस्टरांचा मठ. हल्ली ज्या शाळेत एकही सिस्टर नाही, तिच्या पाटीवरही तो शब्द असतो!

फरक आहे तो भाषांच्या क्रमात. मराठी शाळेत मराठी ही पहिली भाषा, दहावीला 'कुमारभारती'. इंग्रजी माध्यमात पहिली भाषा इंग्रजी, आणि मराठीला 'अक्षरभारती' हे सोपं पुस्तक. सोपं म्हणून घरात कोणी बघत नाही. मी लेकीचे जुने पेपर मागून घेतले, तर सगळ्यात कमी मार्क मराठीत! ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि पत्रलेखनात 'तीर्थरूप' मैत्रिणीला. हसू आलं आणि वाईटही वाटलं. तो दोष शाळेचा नव्हता. जो विषय मी डोळे मिटून शिकवू शकले असते, त्यालाही मी हात लावला नव्हता.

दुसरा फरक धर्मशिक्षणाचा. सासूबाईंना त्याची धास्ती होती. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना मूल्यशिक्षण, खरं बोलावं, वेळ पाळावी असं. आपल्या संविधानाच्या २८व्या कलमातच लिहिलंय की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. शंका असेल तर शाळेत जाऊन नीट विचारावं, मनात ठेवून कुढू नये.

मग मी काय केलं? ई-बालभारतीच्या साइटवर सगळ्या माध्यमांची पुस्तकं फुकट मिळतात. मराठी माध्यमाचं विज्ञान मोबाइलवर उतरवून घेतलं. दुपारी भांडी झाली की एक धडा वाचायचा आणि रात्री तिच्या पुस्तकाशी ताडून बघायचा. पहिले आठ दिवस कंटाळा आला. पण मग माझीच बारावी आठवायला लागली.

एका रात्री पावसात लाइट गेले. लेक मेणबत्तीपाशी पाठ करत होती, 'एस्केप व्हेलॉसिटी, एस्केप व्हेलॉसिटी'. व्याख्या तोंडपाठ, पण अर्थ लागत नव्हता. मी म्हटलं, "आमच्या पुस्तकात त्याला मुक्तिवेग म्हणतात. दगड वर फेकला की खाली येतो. जोरात फेकला तर जास्त उंच जाऊन येतो. पण सेकंदाला ११.२ किलोमीटर वेगाने फेकलास तर तो परत येतच नाही. पृथ्वीच्या ओढीतून मुक्त होतो. म्हणून मुक्तिवेग." ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पुस्तक माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आणि मास आणि वेट?" मी म्हटलं, "वस्तुमान आणि वजन. वस्तुमान चंद्रावरही तेवढंच राहतं, वजन मात्र कमी भरतं."

त्यानंतर सायन्सची ट्यूशन सुटली नाही, खोटं कशाला सांगू! पण ट्यूशनहून आली की ती माझ्याजवळ बसायची. मी तिला मराठीचं शुद्धलेखन घालायचे आणि ती माझे इंग्रजी उच्चार सुधारायची. पेपरवर सही कुणाची, हा प्रश्नच उरला नाही.

आता धाकटा त्याच शाळेत आहे. या जूनमध्ये त्याची पुस्तकं आली. कव्हरं घालायला चार दिवस उशीर झाला, कारण आधी मी ती वाचून काढली.