मुलीनें मानसशास्त्र घेतलें तर?

दहावीचा निकाल लागला कीं नागपुरांत घरोघरीं विज्ञान कीं वाणिज्य, एवढाच वाद चालतो. अशा वेळीं एखाद्या मुलीनें कला शाखेंत जाऊन मानसशास्त्र घेण्याचा मनोदय सांगितला म्हणजे वडील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. वेड्यांची विद्या शिकून ही करणार काय, असें कोणी उघड विचारतो, कोणी मनांत ठेवतो.

वास्तविक या शास्त्राचा व्याप शहाण्यासुरत्या माणसांच्या मनाशींच अधिक आहे. व्हिल्हेल्म वुंट यानें १८७९ सालीं जर्मनींत लाइप्झिग येथें प्रयोगशाळा काढली आणि मनाच्या व्यापारांचें मोजमाप सुरू झालें. एबिंगहाऊस या पंडितानें निरर्थक अक्षरें स्वतःच पाठ करून तीं किती वेळानें किती विसरतात हें पाहिलें व १८८५ त प्रसिद्ध केलें. विसरण्याचा वेग आरंभीं फार असतो, पुढें मंदावतो. आणि एका बैठकीच्या घोकंपट्टीपेक्षां तेच श्रम दोनतीन दिवसांत वांटले तर अधिक फळ मिळतें, असें त्यास आढळलें. घरांत चारपांच चुलत भावंडें असतील तर दिवाळीच्या सुटींत हा प्रयोग अवश्य करून पाहावा. (आजीसही घ्यावें, तरुण मंडळींचा गर्व उतरण्याचा संभव आहे.)

बारावीच्या पुस्तकांत बुद्धि, व्यक्तिमत्त्व व भावना यांच्या जोडीस मनोविकारांचेंही प्रकरण आहे, आणि माझ्या मतें घरच्या दृष्टीनें त्याचेंच मोल मोठें. नागपुरास मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. तरीही घरांतील आत्या महिनेच्या महिने अंथरूण सोडीना, कोणाशीं बोलेना, तर "स्वभावच तसा" म्हणून आपण झांकून नेतों. कारण पुतणीचें लग्न व्हावयाचें असतें. अशा घरांत सतरा वर्षांची नात म्हणते, "आजोबा, आत्या आळशी नाहीं, आजारी आहे. तिला डॉक्टरांना दाखवूं या." निदान करण्याचा अधिकार तिला नाहीं, व तो तिनें घेऊंही नये, पण हें वाक्य त्या घरांत कोणीतरी उच्चारावयास हवें होतें.

एक व्यवहाराची गोष्ट. औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ आधीं एम्. बी. बी. एस्. झालेला असतो, त्यासाठीं बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र हवेंच. कला शाखेच्या वाटेनें चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होतां येतें, परंतु त्यास पदव्युत्तर शिक्षण व भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे बारावीनंतर निदान सहासात वर्षें धरावीं. तेवढीं वर्षें तिला देण्याची घराची तयारी आहे काय, हें अर्ज भरण्यापूर्वींच, तिला समोर बसवून ठरवावें.