थंड हवेच्या गावांचा जन्म

श्रोतेहो, वैशाखात सातारा-सांगलीकडची जमीन तापून निघते, तेव्हा महाबळेश्वराच्या माथ्यावर अंगावर शाल घ्यावीशी वाटते. ही हवा काही इंग्रजांनी आणली नाही. पंचगंगेचे देवस्थान तिथे पूर्वीपासून होतेच. इंग्रजांनी तिथे वसवली ती पेठ. ती का वसवली, हे पाहण्याजोगे आहे.

त्या काळी गोरे शिपाई लढाईपेक्षा तापाने आणि पटकीने अधिक मरत. दूषित हवेने ताप येतो, असे डॉक्टर मानीत. हिवतापाचे मूळ डासात आहे, हे कळायला १८९७ साल उजाडावे लागले. तोवर एक मोठा उपाय म्हणजे उंचावर जाणे! सिमला, उटी, दार्जिलिंग यांचा जन्म असाच झाला.

१८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी महाबळेश्वराचा डोंगर चढून गेला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ही जागा हेरली. १८२९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून त्यांनी ती करार करून घेतली आणि बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. नव्या वस्तीचे नाव पडले माल्कमपेठ. मात्र जमीन देणाऱ्या महाराजांनाच इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून दूर केले, आणि १८४८ मध्ये सातारचे राज्यही खालसा झाले. वेण्णा तळे आजही दिसते, तेही सातारच्याच राजांनी, आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये बांधलेले.

साहेब वर गेला खरा, पण तो पालखीत बसून. खांदा होता आपल्या भोयांचा. सिंगापूरकडून आणलेल्या चिनी कैद्यांनी तिथे बटाटे आणि भाजीपाला पिकवला. त्यांचा तुरुंग १८६४ मध्ये बंद झाला.

एक अडचण मात्र राहिली. पावसाळ्यात तिथे दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, राहणार कसे? ढग आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात. तिथून पूर्वेला सुमारे १८ किलोमीटरवर पाऊस निम्म्याहूनही कमी. म्हणून १८६० च्या सुमारास जॉन चेसन यांनी तिथे पाचगणी वाढवली. बाराही महिने राहता येते, म्हणून तिथे शाळा आल्या, आरोग्यधामेही आली.

शिक्षक मित्रहो, हा धडा मुलांना नकाशावर शिकवा. त्या माथ्यावरची वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला. पुढे तेच पाणी सांगलीच्या घाटाला लागते. २००१ मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून बांधकामांवर निर्बंध घातले, ते उगाच नव्हे. वर जंगल तुटले, तर माती वाहून खालच्या नदीत येते. तेव्हा शेतकरी बंधूंनो, ती गावे साहेबांच्या सोयीसाठी वसली हे खरे, पण तो डोंगर आपल्या विहिरींचा आणि मळ्यांचा आहे. त्याची राखण आता आपल्याकडे आहे.