चौकाबाहेरची वाट

वारल्यांच्या घरी लग्न निघालं की आतल्या अंधाऱ्या खोलीतली एक भिंत सारवून घेतात. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वरून गेरूचा हात. सवाशिणी तांदूळ वाटतात, पिठाच्या पाण्यात डिंक घालतात, बांबूची काडी टोकाशी चेचून तिचा कुंचला करतात आणि लग्नचौक काढायला बसतात. नक्षीच्या चौकटीत मधोमध पालघट देवी. भोवती झाडं, फणी, शिडी, सूर्य, चंद्र, घोडा. शेजारच्या लहान चौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी बाईच असते, ती गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. एकदा ते लागलं की चित्राचं काम झालं. चुलीचा धूर, पावसाळ्याची ओल आणि पुढचं सारवण यांत ते विरून जातं. कुणी काढलं, हे विचारायची रीत नव्हती.

याच लग्नाची दुसरी बाजू गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये नोंदवली आहे. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी वारली माणूस ‘लग्नगडी’ होई आणि उभा जन्म जमीनदाराच्या शेतावर राबे. ही वेठबिगारी मोडण्यासाठी तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात १९४५ साली वारली उठले. वारली चित्रांतल्या नाचाचं आणि निसर्गाचं कौतुक करताना आपण हे विसरतो. ज्या भिंतीवर देवी उमटायची, त्याच घरात पुष्कळदा गुलामीचा सौदाही झालेला असे.

वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे या मुलखातले. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. म्हणजे उठावाच्या वर्षी ते अकरा वर्षांचे होते. सातव्या वर्षी आई गेली आणि मुलाची वाचा बसली. बरीच वर्षं ते मातीत बोटानं चित्रं काढूनच लोकांना आपलं म्हणणं कळवत, असं सांगतात. हा प्रसंग त्यांच्यावरच्या जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. तो केवळ करुण म्हणून सांगितला जातो याचं मला वाईट वाटतं. मला त्यात महत्त्वाचं दिसतं ते असं, की बायका लग्नासाठी चित्र काढत होत्या आणि हा मुलगा बोलण्यासाठी. सणावाराची, विधीची वाट न बघता, रोज. पुढे वारली चित्रकलेत जे घडलं त्याचं बीज इथे आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर पोचले. बिहारमधल्या १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच हे कुलकर्णी. इथेही त्यांनी चौक काढणाऱ्या बायकांना कागद दिले. तोवर डहाणूतल्या गंजाडला राहणाऱ्या जिव्यांनी मात्र स्वतःची चित्रं पुढे केली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ चं पॅरिसमधलं मोठं प्रदर्शन, २००९ चा नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ ची पद्मश्री हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत.

कागदावर आल्यावर चौकट सुटली, आणि चौकटीबाहेर सगळा मुलूख पसरलेला होता. लावणी, झोडणी, खळं, ताडावर चढणारा माणूस, तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. सगळा तोल कमरेच्या त्या एका ठिपक्यावर. म्हशांचा हात तिथेच ओळखू येतो. वरचा त्रिकोण ते कधी सरळ ठेवत नाहीत. थोडा कलता, थोडा मागे, कामाच्या ओढीनं वाकलेला. त्यामुळे भाताचा भारा वाहणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं वजन जाणवतं. दिवसरात्र सगळं हलत असतं, हलणं म्हणजेच जगणं, असं ते सांगत.

त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रं तर जवळून बघावीत आणि मग लांबून. शेणानं सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगाची हजारो बारीक आसं, एकात एक गुंतत गेलेली. जवळून नुसतं विणकाम. मागं सरकलं की सबंध जाळं पाण्यात फुगल्यासारखं दिसतं आणि त्याला धरलेली माणसं मुंगीएवढी. तांदळाच्या पिठाच्या जागी इथे बाजारातला रंग आहे, भिंतीच्या जागी कापड आहे. पण रेघ कुठेही घाईत ओढलेली नाही. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी २००३ मध्ये या मुलखात येऊन काम केलं आणि त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फमध्ये दोघांची चित्रं नि रचना एकत्र मांडल्या गेल्या. लाँग चालण्यातून कला घडवणारे. म्हशांच्या चित्रात वाटा, मुंग्यांच्या रांगा, ओढे. दोघांचं जुळलं यात नवल नाही.

म्हसे १५ मे २०१८ रोजी गेले. तोवर वारली आकृती स्टेशनांच्या भिंतींवर, कुर्त्यांवर, कपांवर, लग्नपत्रिकांवर पोचल्या होत्या. या प्रसाराला नाक मुरडायचं कारण नाही. डहाणू-पालघरच्या अनेक घरांत चूल त्यावर चालते. खटकतं ते वेगळं. कपावरचा तो माणूस ताठ उभा असतो. त्रिकोण उचलले, कल राहून गेला. भौगोलिक मानांकनानं नावाचं रक्षण होईल, कलत्या कमरेचं होणार नाही. ती भाताच्या चिखलात वाकलेल्या माणसालाच सापडते.

आणि बायका? कागदाबरोबर पैसा आला, प्रवास आला, आणि चित्र पुरुषांच्या हाती गेलं. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्या सवाशिणींपैकी फार थोड्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. म्हशांची मुलं सदाशिव आणि बाळू हाच वारसा चालवतात, तोही बापाकडून लेकांकडे. म्हणून चेन्नईच्या तारा बुक्सचं मुलांसाठीचं एक छोटं पुस्तक मला फार मोलाचं वाटतं. त्यात पानापानावर एकेक क्रियापद आहे आणि ते करणारी वारली माणसं आहेत. सगळीच्या सगळी हलणारी. चित्रकार म्हणून रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे यांच्याबरोबर तिथे रसिका हेंगडी आणि कुसुम धडपे यांचीही नावं छापली आहेत.