मनीचे दार केव्हा उघडावे?

बिडकीनच्या आमच्या घरात पुढे दुकान आणि मागे धान्याची वखार. वखारीत आलेले मांजराचे पिल्लू पाहता पाहता घरचेच झाले. नातीने त्याचे नाव मनी ठेवले. एके सकाळी मनीने उंबऱ्यावर मेलेली चिमणी आणून टाकली. चिरंजीव म्हणाले, "आजपासून हिला बांधून ठेवू." नात रडू लागली.

पेच खरा होता. अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांतील पहिलाच 'बंध', म्हणजे जीवाला बांधणे वा कोंडणे. मोकळे सोडावे तर चिमण्या-खारींचा वध आणि मनीलाही पैठण रस्त्यावरील मालमोटारींचे भय. व्रत मांजराला नाही, आपल्याला आहे. कारण दाराची कडी आपल्या हाती असते.

दाराला भोक पाडावे, असाही विचार झाला. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधील एक्सेटर कॅथेड्रलच्या हिशेबांत १५९८ साली अशा भोकासाठी सुताराला आठ पेन्स दिल्याची नोंद आहे. परंतु त्या वाटेने घुशीही आत येतील आणि वेळ मांजरच ठरवील. त्याच शहरातील विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात गळ्यातील घंटेचा ठळक उपयोग दिसला नाही. रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्याने मात्र घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली. मांसयुक्त खाद्याने ती ३६ टक्क्यांनी घटली, पण ते आमच्या घरी येणे नाही. दूध-पोळीने मांजराचे पूर्ण पोषण होत नाही, हेही खरे. त्यासाठी आम्ही पशुवैद्यांचा सल्ला घेत आहोत.

मांजराची शिकारीची ओढ पहाटे व सांजवेळी अधिक असते. म्हणून वेळापत्रक घरातूनच मिळाले. सूर्यास्तापूर्वी आमच्या जेवणाबरोबर मनीचे ताट, थोडा खेळ, मग दार बंद. आत वाळूची पाटी. सकाळी नवकारसीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, कडी काढायची नाही. तोवर चिमण्यांची दाणे टिपण्याची पहिली गर्दी ओसरते. कडीची जबाबदारी एकट्या नातीकडे दिली. जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते, हे मी बँकेत पुष्कळदा पाहिले आहे.

पहिला आठवडा मनी दाराशी ओरडली, मग सरावली. दोष शून्यावर आला नाही. गेल्या महिन्यात तिने एक खार आणली. नातीने विचारले, "आजोबा, आता बांधायची का?" मी नको म्हटले. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी अंगणातील पक्ष्यांचे पाण्याचे भांडे उंच टांगले.