प्रसूतिगृहांतील परिचारिका

बाळंतपण सुखरूप पार पडलें म्हणजे पहिला पेढा डॉक्टरांच्या हातावर पडतो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यापूर्वींचे दहा-बारा तास बाळंतिणीच्या उशाशीं जी उभी असते, त्या परिचारिकेचें नांवहि बहुधा कोणी विचारीत नाहीं. ती तेथें काय करते असें विचारलें तर "धीर देते" एवढेंच उत्तर सुशिक्षित घरांतूनहि मिळतें. धीर ती देतेच. पण तिचें मुख्य काम वेळेवर पहारा ठेवण्याचें आहे.

या पहाऱ्याचें मोल जाणावयाचें असेल तर रायगड जिल्ह्यांतील महाड व पोलादपूर या तालुक्यांकडे पाहावें. सह्याद्रीच्या पायथ्याचा, सावित्रीच्या खोऱ्यांतला हा मुलूख. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या, पाऊस मुसळधार, आणि पुष्कळ घरांतील कर्ते पुरुष नोकरीसाठीं मुंबईस. महाड व पोलादपूर येथें ग्रामीण रुग्णालयें आहेत, खेड्यापाड्यांसाठीं प्राथमिक आरोग्यकेंद्रें आहेत. परंतु जिल्हा रुग्णालय दूर अलिबागेस. आरोग्यकेंद्रांत कळा सोशीत आलेल्या बाईजवळ अखंड असते ती परिचारिकाच. पोट फाडून मूल काढण्याची सोय तेथें नसते.

तिच्या हातीं एक छापील कागद असतो. त्यास पार्टोग्राफ किंवा प्रसूति-आलेख म्हणतात. प्रचलित नमुन्यांत गर्भाशयाचें मुख चार सेंटिमीटर उघडलें कीं हा आलेख सुरू होतो. दर अर्ध्या तासानें ती बाळाच्या हृदयाचे ठोके मोजते. ते मिनिटास ११० ते १६० असावेत. दहा मिनिटांत किती कळा आल्या व प्रत्येक किती टिकली, हें ती पोटावर हात ठेवून पाहते. आईची नाडी टिपते. साधारण चार तासांनीं गर्भाशयाचें मुख किती उघडलें तें तपासून खूण करते. कागदावर दोन तिरप्या रेघा आधींच आखलेल्या असतात. पहिली इशाऱ्याची, ती तासास एक सेंटिमीटर या गतीनें चढते. दुसरी तिच्यापुढें चार तासांवर, ती कृतीची.

हे चार तास कोठून आले? आफ्रिकेंतील त्या वेळच्या ऱ्होडेशियांत, म्हणजे आजच्या झिंबाब्वेंत, फिलपॉट व कॅसल या डॉक्टरांनीं १९७२ मध्यें या रेघा प्रसिद्ध केल्या. तेथेंहि दूरदूरच्या दवाखान्यांत बाळंतपणें सुइणी-परिचारिकांच्या हातून होत. खूण पहिल्या रेघेपलीकडे गेली कीं बाईस मोठ्या रुग्णालयाकडे हलवावें, आणि दुसरी रेघ येण्यापूर्वीं ती तेथें पोंचावी, असा हेतु होता. म्हणजे ते चार तास वाटेचे होत. प्रत्येक स्त्रीची गति सारखी नसते, हें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें काढलेल्या नव्या आलेखांत मान्य केलें असून तो पाच सेंटिमीटरांपासून सुरू होतो. तेव्हां रेघ इशारा देते; निर्णय परिचारिकेच्या अनुभवावर राहतो.

पोलादपूरकडे हे चार तास पाहतां पाहतां सरतात. सासूबाई म्हणतात, "पहिलटकरीण आहे, वेळ लागायचाच." परिचारिका सांगते, "आजी, वेळ लागूं द्या. पण बाळाचे ठोके मंदावले तर इथें माझ्या हातीं कांहीं नाहीं." मग मुंबईस मुलाला फोन, मग गाडी, मग वळणांचा रस्ता. त्यांत पावसाळा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळील सावित्रीवरचा जुना पूल पुरानें वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पाण्याखालीं गेलें आणि दोन्ही तालुक्यांत दरडी कोसळल्या. अशा मुलुखांत शहाणी परिचारिका रेघ ओलांडण्याची वाटच पाहत नाहीं. जिचें आधींचें बाळंतपण शस्त्रक्रियेनें झालें, जिचा रक्तदाब वाढला आहे, जिच्या अंगीं रक्त कमी आहे, तिला दिवस भरण्यापूर्वींच मोठ्या रुग्णालयाजवळील नातलगांकडे राहावयास सांगते.

मूल जन्मलें तरी पहारा उठत नाहीं. पहिल्या मिनिटांतच मूल श्वास घेतें कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि त्याच मिनिटांत, पोटांत दुसरें मूल नाहीं अशी खात्री करून, आईस ऑक्सिटोसिनचें दहा युनिटांचें इंजेक्शन द्यावयाचें. त्यानें गर्भाशय आवळतें व रक्तस्राव आटोक्यांत राहतो. वार पूर्ण पडली कीं नाहीं हें उलटसुलट करून पाहावयाचें. अर्धा लिटर रक्त गेलें तर तो धोका समजतात. आधींच अशक्त असलेल्या बाईस त्याहून कमीहि भारी पडतें.

शहरांतील घरांसहि यांतून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आपल्या लेकी-सुना बाळंतपणास गांवीं जातात. तेथें परिचारिका "हलवा" म्हणाली, तर वडीलधाऱ्यांनीं आधीं गाडी बोलवावी. काय विचारावयाचें तें वाटेंत विचारावें.